ब्रिस्केट खातच नसाल तर स्मोकर कुठला घ्यायचा?

स्मोकर म्हणजे लाकडाच्या धुरावर अन्न शिजवायचं यंत्र. तो कुठला घ्यायचा, असं विचारणारं एक पत्र आलंय, थोडक्यात असं: "आम्ही ह्यूस्टनजवळ कॅटीला राहतो. गेल्या वर्षी स्वतःचं घर घेतलं, मागे छत असलेला पॅटिओ आणि थोडं लॉन आहे. वीकेंडला दहा-पंधरा माणसं जमतात, त्यातली निम्मी शाकाहारी. बीफ-पोर्क आम्ही खात नाही, चिकन, मटण, मासे चालतात. मिस्टरांना पेलेट (लाकडाच्या कांड्यांवर चालणारा) स्मोकर हवाय आणि तोही सगळ्यात मोठा. दीर म्हणतात गॅसचा घ्या, कटकट नाही. मला इलेक्ट्रिक बरा वाटतो, कारण मिस्टरांची नोकरी फिरतीची आणि शेवटी त्याच्याजवळ मीच उभी राहणार आहे. प्रोपेनची मला भीती वाटते. बजेट पाचशे-सहाशे डॉलर. मेमध्ये सासूबाई येतायत, त्या पूर्ण शाकाहारी आहेत. काय घेऊ?"

ताई,

तुम्ही तिघांनीही यंत्र आधी निवडलंय आणि त्यात काय शिजणार याचा विचार तुमच्या पत्रात कुठेतरी मध्येच एका ओळीत येऊन गेलाय. माझ्या मते तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. बीफ-पोर्क खात नाही. हे एकदा ठरलं की स्मोकरबद्दल तुम्ही जे काही वाचलंय, व्हिडिओत बघितलंय, त्यातलं अर्ध्याहून जास्त बाजूला ठेवायला हरकत नाही.

कारण तुम्ही टेक्सासमध्ये आहात आणि तिथे सगळं ब्रिस्केटभोवती, म्हणजे बीफच्या छातीच्या मोठ्या तुकड्याभोवती फिरतं. साहजिकच आहे ते. ऑस्टिनच्या आसपासचा तो पट्टा, लॉकहार्ट, लुलिंग, टेलर, तिथे जर्मन आणि चेक खाटकांच्या दुकानांतून धुरावर मांस शिजवून विकायची पद्धत रुजली, आणि लॉकहार्टला तर टेक्सासच्या विधिमंडळाने १९९९ मध्ये राज्याची बार्बेक्यूची राजधानी म्हणूनच जाहीर केलं. त्यामुळे तिथला माणूस स्मोकर तपासतो तो ब्रिस्केट डोळ्यासमोर ठेवून. बारा-चौदा पाउंडाचा तुकडा, २२५ ते २५० फॅरनहाइट, दहा-दहा पंधरा-पंधरा तास, मध्ये आतलं टेंपरेचर १६० च्या आसपास गेलं की तो अडून बसतो कारण वरून पाणी उडत राहतं आणि त्याने मांस थंड राहतं, मग कधीतरी पहाटे तो पुढे सरकतो आणि २०० च्या जवळपास गेला की मऊ पडतो. अशा कामाला रात्रभर एकच कमी टेंपरेचर धरून ठेवणं हा सगळ्यात मोठा गुण. म्हणून प्रत्येक रिव्ह्यूत पहिली चर्चा त्याचीच.

तुमच्या ताटात यातलं काहीच नाही ना. चिकनचे थाय आणि लेग पीस, कधी मटण, सामन माशाचा एखादा तुकडा, पनीर, मक्याची कणसं, वांगी. यातलं मटण सोडलं तर बाकी सगळं तास-दीड तासात होतं. तुम्हाला बारा तास २२५ धरणारं यंत्र नकोय, तुम्हाला २०० पासून ४०० पर्यंत जाणारं यंत्र हवंय.

आता याच चाळणीतून तिन्ही काढून बघू.

इलेक्ट्रिकबद्दल आधी बोलते, कारण तुमचं मन तिकडे आहे आणि का आहे ते मला नीट कळतंय. प्लग लावा, आकडा टाका, आत जा. छोटं कपाट असतं, आत हीटिंग एलिमेंट, त्याच्यावर एका ट्रेमध्ये मूठभर लाकडाचे चिप्स, ते धुमसतात, धूर होतो. वापरायला तिघांत सगळ्यात सोपं हेच, आणि सामन, चीज, पनीर, सुकामेवा असल्या गोष्टींना फार छान. पण घरगुती मॉडेल्सपैकी बहुतेक २७५ ला थांबतात. आपलं चिकन म्हणजे दही, आलं-लसूण, तिखट, गरम मसाला लावून रात्रभर मुरवलेलं. ते २५० च्या बंद, दमट पेटीत ठेवलं तर आतून शिजतं, पण वरचा मसाला वाळत नाही, कडा पकडत नाहीत, लसणाचा कच्चा वास तसाच राहतो आणि रंग फिका पडतो. कातडीवालं चिकन असेल तर कातडी रबरासारखी. मग ते काढून परत अव्हनमध्ये किंवा ब्रॉयलरखाली टाकायचं, पंधरा माणसं बाहेर बसलेली, आणि तुम्ही ट्रे घेऊन आत-बाहेर. ज्या सोयीसाठी घेतला ती सोय तिथेच संपली. शिवाय चिप्सचा ट्रे साधारण अर्ध्या-पाऊण तासाने भरावा लागतो, म्हणजे तिथेही 'आत जा आणि विसरा' असं पूर्ण होत नाही. (चिप्स पाण्यात भिजवून टाकायला सांगतात लोक. नका भिजवू, आधी ते पाणी उडण्यातच वेळ जातो, तोपर्यंत नुसती वाफ निघते.)

आणि एक गोष्ट आउटलेटची. छोटा इलेक्ट्रिक स्मोकरसुद्धा साधारण ८०० वॉट घेतो, तेही तासन् तास, त्यामुळे बऱ्याच कंपन्या एक्स्टेन्शन कॉर्ड लावू नका म्हणून स्पष्ट लिहितात. म्हणजे तो भिंतीच्या आउटलेटजवळ, पॅटिओच्या छताखालीच ठेवावा लागणार, आणि तिथे आपल्याला काहीच चालवायचं नाहीये. त्यावर येते पुढे.

गॅस. दिरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. खाली बर्नर, त्यावर चिप्सची पेटी, त्यावर पाण्याचा ट्रे, वर जाळ्या. वीज लागत नाही. कुठेही ठेवा. ह्यूस्टनमध्ये याला अर्थ आहे, २०२४ च्या जुलैत बेरिल वादळ आलं तेव्हा त्या भागात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती, तुम्हाला आठवतच असेल, फ्रीजरमधलं सगळं चिकन संपवायची वेळ आली की असा स्मोकर कामाला येतो. खर्चही कमी. वीस पाउंडाच्या टाकीत साधारण ४,३०,००० बीटीयू (उष्णतेचं माप) असतात, छोट्या स्मोकरचा बर्नर १५,००० बीटीयूचा धरला तर पूर्ण ज्योतीवरसुद्धा अठ्ठावीस तास चालतो. फक्त एक लक्षात घ्या, दुकानाबाहेरच्या जाळीतून बदलून मिळणाऱ्या टाक्या बहुतेक पंधरा पाउंडच भरलेल्या असतात, रिफिल करून घेतली तर पूर्ण वीस मिळते.

प्रोपेनच्या भीतीबद्दल मला तुम्हाला जरा धीर द्यायचाय. आपण सगळ्याजणी १४.२ किलोच्या सिलिंडरशेजारी उभं राहून पोळ्या लाटायला शिकलो, तोही घराच्या आत, खिडकी उघडी असेल-नसेल. इथली वीस पाउंडाची टाकी म्हणजे नऊ किलो आणि ती बाहेर, मोकळ्या हवेत. तुम्हाला रेग्युलेटर लावता येतो, वास आला की काय करायचं माहितीय, नळीच्या जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघता येतात. ती सवय इथेही तीच. नियम एकच जास्तीचा आणि तो कधी म्हणजे कधी मोडायचा नाही, टाकी गॅरेजमध्ये किंवा घरात ठेवायची नाही, रिकामी वाटली तरी नाही. आणि हे फक्त गॅसला नाही, कुठलाही स्मोकर पाऊस आला म्हणून गॅरेजमध्ये ओढून, दार अर्धं उघडं ठेवून चालवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तुमच्याकडे मुलं असतील, वयस्कर माणूस येतंय, म्हणून हे ठळक सांगतेय.

मग गॅस का नको म्हणतेय? कारण तुम्ही पत्रात स्वतःच लिहिलंय की जवळ तुम्हीच असणार. गॅसच्या स्मोकरला थर्मोस्टॅट नसतो बहुतेक वेळा, नॉब असतो. वारा आला की टेंपरेचर पडतं, ऊन चढलं की वाढतं, ऑगस्टमधल्या ह्यूस्टनच्या दुपारी तर बर्नर अगदी बारीक केला तरी काही मॉडेल्स २५० च्या खाली उतरायला तयार नसतात. दर वीस मिनिटांनी बाहेर जाऊन बघावं लागतं. ज्याला ते आवडतं त्याला ते कामच वाटत नाही, दीर बहुधा त्यातले असावेत. तुम्हाला त्याच वेळी आत कोशिंबीर, भात, मुलांचं काही आणि आलेल्या माणसांचं बघायचं असतं.

म्हणून माझं मत पेलेटकडे जातं. मिस्टरांना हे वाचून आनंद होईल, पण त्यांना जो हवाय तो नाही, आणि त्यांच्या कारणासाठीही नाही.

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पेन्सिलीच्या जाडीच्या कांड्या. लाकडातलं लिग्निन गरम होऊन मऊ पडतं आणि तेच त्यांना धरून ठेवतं. बाजूला हॉपर, त्यात या कांड्या ओतायच्या. खाली ऑगर म्हणजे एक लांब स्क्रू, तो फिरत फिरत थोड्या थोड्या कांड्या मधल्या फायरपॉटमध्ये ढकलतो, तिथे एक सळई तापून त्यांना पेटवते, पंखा हवा देतो, आणि कंट्रोलर बघत राहतो की टेंपरेचर कमी झालं तर अजून कांड्या टाक. ही कल्पना ओरेगनमधल्या माउंट एंजल नावाच्या छोट्या गावात १९८० च्या दशकात जो ट्रेगर यांनी ग्रिलमध्ये आणली, आणि त्यांचं पेटंट २००६ मध्ये संपल्यावर मग बाकीच्या कंपन्या यात उतरल्या, म्हणून आज तुमच्या बजेटमध्ये बऱ्यापैकी पेलेट ग्रिल मिळतं.

तुमच्यासाठी त्याचा खरा उपयोग हा की ते १८० ला धूर देतं आणि बटण फिरवलं की ४०० ला भाजतं, त्याच जाळीवर, चिकन न हलवता. बहुतेक मॉडेल ४५० ते ५०० पर्यंत जातात. आणि कंट्रोलर असल्यामुळे तुम्ही आत राहू शकता.

पण त्याची एक कमतरता आधीच सांगून ठेवते, नाहीतर नंतर मिस्टर म्हणतील की धुराची चव कुठेय. पेलेटचा धूर सौम्य असतो, आणि जितकं टेंपरेचर जास्त तितकं लाकूड स्वच्छ जळतं, म्हणजे ३७५ ला धूर जवळजवळ नसतोच. त्यामुळे चिकन असं करा. फ्रीजमधून काढलेलं थंड, ओलसर चिकन थेट जाळीवर ठेवा, धूर थंड आणि ओल्या पृष्ठभागावर जास्त बसतो. पहिली तीस-चाळीस मिनिटं १८० ते २००. मग ३७५ ते ४००. मसाला वाळायला लागतो, कडा काळपट होतात, मग वरून थोडं तूप किंवा तेल. थाय आतून १६५ ला खायला सुरक्षित होतात पण १७५-१८५ ला जास्त मऊ लागतात, तेवढं होऊ द्या, ब्रेस्ट मात्र १६५ च्या पुढे नेऊ नका, वाळतं. अजून धूर हवा असेल तर जाळीदार स्टीलची स्मोक ट्यूब मिळते, वीसेक डॉलरची, तिच्यात पेलेट भरून एका टोकाला पेटवून बाजूला ठेवायची.

एक गोष्ट पाहुण्यांसाठी. धुरावरचं चिकन पूर्ण शिजलं तरी कडेला आणि हाडाजवळ गुलाबी दिसू शकतं. लाकडाच्या धुरातले नायट्रोजनचे वायू मांसातल्या रंगद्रव्याला धरतात आणि तो रंग टिकतो. कोणीतरी म्हणणारच कच्चं आहे. म्हणून पंधरा-वीस-तीस डॉलरचा सुईवाला थर्मामीटर आधी घ्या, स्मोकर नंतर. रंगावर काही ठरवायचं नाही, हाडाला न टेकवता सगळ्यात जाड भागात सुई घालून आकडा बघायचा.

आता जागा. तुमच्या पॅटिओला छत आहे आणि मिस्टरांच्या डोक्यात तो बहुतेक तिथेच ठेवायचाय, सावलीत, पावसापासून सुरक्षित. तिथे फक्त ठेवा, चालवू नका. आगीच्या सुरक्षेबद्दल सगळीकडे हेच सांगतात की ग्रिल भिंतीपासून, रेलिंगपासून, छपराच्या कडांपासून आणि झाडांच्या फांद्यांपासून लांब, उघड्यावर हवं. लाकडी छताखाली चरबीने पेट घेतला तर तुमच्या हातात फार वेळ नसतो. लॉनच्या कडेला, घरापासून दहा फूट लांब, एक सपाट फरशांचा चौकोन करून घ्या, चाकं असतात, ढकलून नेता येतो. इथेच पेलेट इलेक्ट्रिकच्या पुढे जातं, कारण पेटताना काही मिनिटं साधारण ३०० वॉट लागतात आणि मग पंखा आणि ऑगरपुरते पन्नासेक, त्यामुळे बाहेर वापरायची जाड कॉर्ड बऱ्याच कंपन्या चालवून घेतात. तरी मॅन्युअलमधलं ते पान घेण्याआधीच बघा, आणि तुमच्या एचओएचे (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचे) नियमही, काही ठिकाणी स्मोकर समोरून दिसला तरी पत्र येतं.

(हेच पत्र मला अपार्टमेंटमधून आलं असतं तर उत्तर वेगळं असतं. बाल्कनीत ज्योतीवाल्या ग्रिलला बहुतेक ठिकाणी बंदीच असते, तिथे लीज वाचून, परवानगी असेल तर छोटं इलेक्ट्रिक, नाहीतर काही नाही.)

मिस्टरांना हवा असलेला सगळ्यात मोठा घेऊ नका. पाचशे ते सहाशे चौरस इंचाची जाळी तुम्हाला पुरते, एका वेळी वीस-चोवीस थाय मोकळेपणाने बसतात, पंधरा माणसांत निम्मी शाकाहारी म्हटल्यावर तेवढे संपणारही नाहीत. मोठ्याला पेलेट जास्त लागतात, तापायला वेळ लागतो, साफ करायचं जास्त असतं. मधल्या आकाराचा साधारण साडेचारशे-पाचशेला मिळतो, उरलेल्यात थर्मामीटर, चांगलं कव्हर आणि पेलेटच्या दोन पिशव्या. वीस पाउंडाची पिशवी कमी टेंपरेचरला तासाला साधारण एक पाउंड जाते, ४०० ला त्याच्या दुप्पट किंवा जास्तही. तुमच्या पद्धतीच्या एका पार्टीला चार-पाच पाउंड. चिकनला सफरचंद, चेरी किंवा पेकन घ्या, पेकन तर टेक्सासचं स्वतःचं झाड. मेस्कीटचं लाकूड आपल्या मसाल्यावर फार चढतं, कडवट लागतं, तो मोह टाळा.

ह्यूस्टनच्या हवेत पेलेटचा एकच मोठा शत्रू आहे आणि तो म्हणजे दमटपणा. चांगली कांडी हातात मोडली तर कट् आवाज येतो आणि बाहेरून चमक असते. दमट झालेली फुगते, मलूल दिसते, बोटांत नुसता भुसा होतो. असल्या कांड्या ऑगरमध्ये राहिल्या तर तिथे फुगून अशा घट्ट बसतात की स्क्रू फिरतच नाही आणि मग सगळं उघडून कोरून काढावं लागतं. म्हणून काम झालं की हॉपर रिकामा, कांड्या घट्ट झाकणाच्या पाच गॅलनच्या बादलीत, बादली घरात. आठवड्याभरात परत वापरणार असाल तरीही. कव्हर लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका, गल्फची हवा कव्हरच्या आत जाते.

चालू-बंद करायची शिस्तही आहे थोडी. चालू केल्यावर पहिली काही मिनिटं दाट पांढरा धूर येतो, डोळ्यांत जाणारा, त्या धुरात अन्न ठेवायचं नाही, तो विरळ होऊन निळसर झाला की मग. बंद करताना सरळ प्लग काढायचा नाही, शटडाउनचं बटण दाबून पंख्याला चालू द्यायचं, आत उरलेलं जळून जातं, नाहीतर विस्तव मागे हॉपरकडे सरकू शकतो. मध्येच विझलं असं दिसलं तर लगेच परत चालू करू नका. न पेटलेल्या कांड्यांचा ढीग झालेला असतो, तो एकदम पेट घेतो. बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, फायरपॉट रिकामा करा, मग नव्याने. दर तीन-चार वेळांनी राख शॉप व्हॅकने (वर्कशॉपच्या दणकट व्हॅक्यूम क्लीनरने) काढायची, गार झाल्याचं हाताने बघून, कारण राखेत निखारा लपून राहतो आणि व्हॅकच्या आत पेटतो. खाली चरबी गळते त्या ड्रिप ट्रेला फॉइल लावा, प्रत्येक वेळी बदला, आग लागते ती साठलेल्या चरबीनेच.

आणि हे काम मिस्टरांचं. खरंच सांगते, आत्ताच बोलून घ्या. यंत्र त्यांच्या हौसेचं आहे, शिजवणार तुम्ही आहात, तर दौऱ्यावर जायच्या आधी राख काढणं, फॉइल बदलणं, बादली भरून ठेवणं हे त्यांनी करून जायचं. तुम्हाला शनिवारी बाहेर गेल्यावर ते तयार मिळालं पाहिजे. हे आधी ठरलं नाही तर दोन महिन्यांत तो कव्हरखाली जातो आणि परत निघत नाही, मग पेलेट असो नाहीतर गॅस.

मटणाबद्दल थोडं, कारण तुम्ही ज्या राज्यात आहात तिथे बकऱ्याच्या मटणाला मान आहे, ब्रॅडी नावाच्या गावात १९७४ पासून बकऱ्याच्या बार्बेक्यूची जागतिक स्पर्धा भरते, लेबर डेच्या सुट्टीत. तिथल्या मेक्सिकन आणि हलाल दुकानांत मटण छान मिळतं. मांडी नका घेऊ, चरबी कमी, वाळून जाते. खांदा घ्या, हाडासकट. हळद, मीठ, आलं-लसूण, आपला कांदा-लसूण मसाला किंवा मालवणी मसाला, रात्रभर. २५० ला अडीच-तीन तास उघडा, रंग आला की थोडं पाणी किंवा स्टॉक घालून फॉइलने घट्ट बंद, आणि आत १९५-२०० होईपर्यंत तसंच. हाडातून सुटतं. फॉइलमध्ये जमलेला रस टाकू नका, त्याचाच रस्सा होतो, आणि त्या रश्शाला जी धुराची चव असते ती गॅसवरच्या कुकरमधून कधीच येत नाही.

आता सासूबाई. मला तुमच्या पत्रात यंत्रापेक्षा याची काळजी जास्त दिसली. पहिलं म्हणजे त्यांना विचारा. काही शाकाहारी माणसांना वेगळी जाळी आणि वेगळा चिमटा असला की चालतं, काहींना त्याच झाकणाखाली कधी मांस शिजलं असेल तर अजिबात चालत नाही, आणि पेलेट ग्रिलमध्ये खालचा चरबीचा ट्रे एकच असतो, वासही राहतो, हे लपवून त्यांना खायला घालू नका. त्यांना चालत असेल तर त्यांच्यासाठी एक लोखंडी तवा आणि एक जाळी कायमची वेगळी ठेवा, तिच्यावर दुसरं काही ठेवायचं नाही, आणि त्या दिवशी नवीन फॉइल, रिकामं ग्रिल ४५० ला अर्धा तास तापवून, घासून, आधी शाकाहारी. पनीर जाड कापून, तेल लावून, २२५ ला चाळीस मिनिटं. कणसं सालीसकट. टोमॅटो आणि लसूण अख्खे, त्याची चटणी. चिकन सगळ्यात शेवटी जाईल. पार्टीतल्या बाकीच्या शाकाहारी मंडळींनाही यातच सोय होते, त्यांच्या ताटात नेहमीसारखं सॅलड आणि ब्रेड राहत नाही.

नसेल चालत तर वाईट वाटून घेऊ नका. भरीत करा. तेही स्मोकरशिवाय. खानदेशात भरिताची हिरवी वांगी शेतात तुराट्या, पऱ्हाट्यांच्या जाळात टाकतात, आणि ती चव धुराइतकीच साल जळण्याची असते. स्मोकर तिथे तसाही कमी पडतो, त्यात वांगं मऊ होतं, धूर लागतो, पण साल करपत नाही, आतला गर पाणचट राहतो. अमेरिकेतली मोठी जांभळी वांगी पाउंड-सव्वा पाउंडाची असतात आणि त्यांच्यात पाणी जास्त, म्हणून ती उघड्या ज्योतीवर किंवा लाल निखाऱ्यांवर, दहा-पंधरा डॉलरच्या छोट्या कोळशाच्या शेगडीत ओक किंवा पेकनच्या दोन काटक्या टाकून, सगळीकडून काळी होईपर्यंत फिरवा, मग टांगून किंवा चाळणीत ठेवून पाणी निथळू द्या. ती शेगडी फक्त त्यांची. त्यांना बाहेर खुर्ची टाकून द्या, त्या सांगतील कधी काढायचं ते.

मे यायच्या आधी, मार्च-एप्रिलमध्येच घ्या आणि रिकामा एकदा जाळून घ्या, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, कारखान्याचं तेल जायला हवं. मग पहिल्यांदा फक्त घरच्यांसाठी आठ थाय, कोणालाही न बोलावता, मिस्टर घरी असतील त्या रविवारी. आकडे एका कागदावर लिहून ठेवा, किती वाजता ठेवलं, कधी वाढवलं, कधी १७५ झालं. पंधरा माणसांना बोलवाल तेव्हा तोच कागद फ्रीजवर लावा, चोवीस थायना त्याहून दहा-पंधरा मिनिटं जास्त धरा.